आप्पांच्या ढोलाची वायर

घरात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं माणूस असलं की गावाला वाटतं, याच्यापुढं ठेवलेली कुठलीही वस्तू बरी होते. मिक्सर, मोबाइल, मोटारीचा स्टार्टर, एकदा तर कुणाच्या तरी सासऱ्याची दाताची कवळी माझ्यापुढं आली. मी माधवनगरला एका कारखान्यात इन्व्हर्टरचे बोर्ड तपासते. सुट्टीला विट्यात गाडी बदलून म्हसवडच्या पलीकडं आमच्या गावी जाते, आणि उंबऱ्यात चप्पल काढायच्या आत कुणीतरी पिशवीतून काहीतरी मोडकं बाहेर काढतंच. मी चिडते. माझं चिडणं कुणी मनावर घेत नाही. आई म्हणते, "चिडू दी. हात तर चालत्यात न्हवं तिचं?"

हात चालणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट आहे. माझे वडील आप्पासो म्हणजे गावच्या गजी मंडळाचा पहिला ढोल. गजी हा आम्हा धनगरांचा नाच. मध्ये ढोल, भोवती फेटेवाले गडी रुमाल उडवत रिंगण धरतात. रिंगणानं कधी वळायचं, कधी बसायचं, कधी उसळायचं हे पहिला ढोल थापेनं सांगतो, आणि दुसरा ढोल त्याच्यामागं लय धरून चालतो. दुसरा ढोल माझ्या चुलतभावाचा, धनाजीदादाचा. त्याला आप्पांनीच शिकवलं, तेही पाठीत धपाटे घालून. मंडळाचा एक नियम आहे. पहिल्या ढोलाचा हात चुकायला लागला की त्यानं आपणहून ढोल गळ्यातून काढून बिरोबापुढं ठेवायचा. एकदा उतरवलेला ढोल परत गळ्यात घालायचा नाही.

ढोलात माझं इलेक्ट्रॉनिक्स शिरलं ते सुपाऱ्यांमुळं. वरातीला लोकांना आता नुसता ढोल पुरत नाही. कीबोर्ड पाहिजे, टेम्पो पाहिजे, छातीत धडधड उठवणारे स्पीकर पाहिजेत. मंडळानं लालासाहेब नावाचा कीबोर्डवाला धरला. पण ढोलासमोर माइक लावला की स्पीकर किंचाळायचा. मग मी दोन्ही ढोलांच्या पोटात स्पंज कोंबला, कातड्याखाली थाप ओळखणाऱ्या पातळ चकत्या चिकटवल्या आणि तिथून वायर काढून टेम्पोवरच्या यंत्राला दिली. थाप पडली की वायरीतून निरोप जातो, अमका ढोल, एवढ्या जोरानं. आणि यंत्र आत साठवलेला आवाज काढतं. या निरोपाच्या भाषेला मिडी म्हणतात. साठवलेले आवाज आप्पांच्या आणि दादाच्याच ढोलांचे होते. स्पंज कोंबायच्या आधी माळावर नेऊन मी ते रेकॉर्ड केले होते. त्यामुळं वाजायचं ते ज्याचं त्याचंच, फक्त स्पीकरमधून.

पहिल्याच हंगामात पलूसकडच्या एका वरातीत जनरेटरचा करंट वायरीतून उलटा आला आणि धनाजीदादा ढोलासकट नवरदेवाच्या घोड्यावर जाऊन आदळला. दादा वाचला. घोडा मात्र नवरदेवाला घेऊन उसात शिरला. अजून त्या गावात आमच्या मंडळाला घोड्यावरनंच ओळखतात. घरी येऊन मी चडफडत बसले आणि मिडीसाठी इनपुटचा नीट डबा बनवायला घेतला. आप्पा समोर पोत्यावर बसून बघत होते.

"ह्यात काय हाय?" त्यांनी विचारलं.

"ह्या काळ्या किड्यात एका अंगाला बारका दिवा हाय, दुसऱ्या अंगाला डोळा," मी चिपला डाग देता देता सांगितलं. "ढोलाची वायर दिव्यापाशी संपती. दिवा लागला की डोळ्याला दिसतं आन् त्यो पुढच्या वायरीला सांगतो. दोघांच्या मधी तार न्हाई. म्हणून टेम्पोवरचा करंट तुमच्यापत्तुर येत न्हाई."

"म्हंजे मधनं कायबी जात न्हाई?"

"उजेड जातो."

"आन् हे दुसरं भोक कशाला?"

"त्याला थ्रू म्हणत्यात. आत आलं ते जसंच्या तसं पुढच्या यंत्राला द्यायचं."

"आपलं कायबी न घालता?"

"आपलं कायबी न घालता."

आप्पांना थ्रू फार आवडला. माणसात असला एक तरी गुण पाहिजे म्हणाले. पुढं कितीतरी दिवस ते पारावर बसून लोकांना थ्रू समजावून सांगत होते, आणि त्यात आपलं बरंच काही घालत होते.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या हातातली बशी वाजायला लागली.

सांगलीच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी थरथर आवरेल, पण जाणार नाही, असं ते म्हणाले. आप्पांनी त्या वाक्याचा पहिला अर्धाच भाग ऐकला. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "आवरंल म्हणाला न्हवं? मग झालं." आणि रसवंतीत जाऊन उसाचा रस प्यायले. ग्लास मी धरला होता.

बशीचं वाजणं आम्ही घरात न ऐकल्यासारखं केलं, पण ढोलाचं कसं करणार? मी बसवलेल्या चकत्या लय तिखट कानाच्या. आप्पांनी एक थाप मारली की हात कातड्यावर थरथरायचा, आणि त्या प्रत्येक थरथरीला चकती थाप समजून निरोप पाठवायची. स्पीकरमधून एका थापेच्या जागी फुटाणे फुटल्यासारखं ऐकू यायचं. रिंगणातले गडी पाय उचलून तसेच थांबायचे. स्पंज काढून जुना ढोल परत द्यावा, तर तोही उपाय उरला नव्हता. थरथर ऐकू आली नसती हे खरं, पण थापही ऐकू आली नसती. हातात तेवढा जोरच राहिला नव्हता. टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, कातड्याला नुसती टेकायची.

लालासाहेब स्वभावानं वाईट माणूस नाही. तो एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आप्पा, औंदा जत्रंला धनाजीला पुढं करूया का? तुमी बसून सांगा."

घरी आल्यावर आईनं पुढं केलेला चहा तसाच ठेवून आप्पा तिला म्हणाले, "ढोल उतरला की मी निस्ता चा प्यायला उरलो बग, सुले."

आईनं माझ्याकडं बघितलं. कवळी घेऊन आलेल्या माणसानं बघितलं होतं तसंच.

मग मी कामाला लागले. डब्यात एक छोटी प्रोसेसरची चिप घातली आणि तिला शिकवलं की एका थापेनंतर लगेच आलेल्या बारक्या थापा सोडून द्यायच्या. आप्पांना सांगितलं, "डबा थरथर गाळतो." आणि डबा खरंच गाळायचा. दसऱ्याच्या सुपारीला आप्पांचा ढोल असा खणखणीत वाजला की लालासाहेबानं कीबोर्ड सोडून टाळ्या वाजवल्या. आप्पा मला म्हणाले, "चहाची गाळणी ऐकली हुती, हाताची तूच काढलीस." मला इतका आनंद झाला होता की गावातले सगळे मिक्सर मी त्या सुट्टीत फुकट दुरुस्त केले.

दिवाळीनंतर थरथर वाढली आणि थाप आणखी हलकी झाली. दोन्ही एका उंचीला आल्या. मी लॅपटॉपवर निरोप उघडून बघत बसायची. शेकडो थापा एकाखाली एक दिसायच्या, आणि त्यातली आप्पांनी मारलेली कुठली आणि हातानं आपोआप मारलेली कुठली, हे यंत्राला कळेना. मलाही कळेना. गाळणीचं भोक बारीक केलं की आप्पांच्या खऱ्या थापा अडकायच्या. मोठं केलं की फुटाणे. मी सुट्ट्या घेतल्या, इंटरनेट धुंडाळलं, कारखान्यातल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तुझं सर्किट बरोबर आहे. ते मलाही माहीत होतं. सगळं बरोबर असून काही होत नाही, याच्यासारखा संताप दुसरा नाही. मी टेबलावर सोल्डरिंग गन आपटली आणि स्वतःच्याच बोटाला चटका बसला.

जत्रा जवळ आली तसा धनाजीदादा मला टेम्पोपाशी गाठून म्हणाला, "पले, एक सांगू? रागवू नगंस. माझ्या ढोलाची वायर दोन्ही आवाजांना जोड."

"म्हंजे?"

"मी वाजवीन, ते माझ्या आवाजातबी येऊ दी आन् तात्यांच्या आवाजातबी." दादा आप्पांना तात्या म्हणतो. "त्यांचाच हात हाय माझ्यात. त्यांनी मारला आस्ता तसाच मारीन. त्यांना कळायचंबी न्हाई."

मी त्याला नको नको ते बोलले. तो खाली बघून ऐकत राहिला. त्याला पहिला ढोल व्हायचं असतं, तर त्याला नुसतं गप्प बसून वाट बघायची होती. हे मला नंतर सुचलं, आणि मग मला त्याला बोललेलं सगळं परत घ्यावंसं वाटलं.

रात्री मी ते आईला सांगितलं, आणि सकाळी भाकरी थापता थापता तिनं निकाल दिला. "ढोल तेवढा गळ्यात असू दी त्यांच्या. आवाज कुटनं का यीना."

"आई, ही फसवणूक हाय."

"मग तू बरं कर त्यांचा हात," आई म्हणाली. तिनं हे रागानं म्हटलं नाही. ती खरंच वाट बघत होती की मी काहीतरी उत्तर देईन.

करायला अवघड काहीच नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. डब्याला दोन इनपुट होते. दादाच्या इनपुटवर जे येईल ते थ्रूनं यंत्रातल्या दोन्ही आवाजांना दिलं. आप्पांच्या इनपुटची वायर काळ्या किड्यापर्यंत ठेवली, डोळाही ठेवला, पण डोळ्यापुढं फक्त एक हिरवा दिवा जोडला, डब्याच्या तोंडावर, त्यांना उभ्याउभ्या दिसेल असा. आप्पांनी थाप मारली की तो लुकलुकायचा. त्यांची वायर त्या दिव्यापाशी संपत होती. पुढं काही नव्हतं.

मंडळाच्या शेडमध्ये तालीम झाली. दादा डोळे मिटून वाजवत होता, आप्पा दिव्याकडं बघत. दोन्ही ढोल असे लागले की गडी घामानं निथळेपर्यंत नाचले. एका वळणाला आप्पांची थाप कुठल्या कुठं गेली, ते मी डोळ्यांनी बघितलं. स्पीकरमध्ये ती जागच्या जागी पडली. आप्पांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. ते हसत होते.

"लय गुणी डबा केलास, पले," ते म्हणाले. "मी चुकलो तरी ह्यो चुकत न्हाई."

आई शेडच्या दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं आणि तिच्या गळ्यातही पडावंसं वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही. वायरी गुंडाळत बसले.

जत्रेच्या दिवशी पालखी दुपारची बाहेर पडली. ऊन रणरणत होतं, भंडाऱ्यानं सगळं देऊळ, माणसं, टेम्पोचं बोनेट पिवळं झालं होतं. मी टेम्पोवर डब्यापाशी. खाली आप्पा आणि दादा, दोघांच्या ढोलातून निघालेल्या लांब वायरी माझ्यापाशी येत होत्या. रिंगण फिरत फिरत देवळाच्या पायऱ्यांपर्यंत आलं. सगळं उत्तम चाललं होतं. मी पहिल्यांदा श्वास सोडला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

आणि मग मला सलामी आठवली.

देवाच्या दारात पोचलं की पहिला ढोल सलामी देतो. तो वाजवणं थांबवतो, टिपरू कमरेला खोचतो, दोन्ही हात जोडतो आणि ढोलावर डोकं टेकतो. तेवढा वेळ दुसरा ढोल एकट्यानं लय चालू ठेवतो, कारण देवाच्या दारात दुसरा ढोल बंद पडू द्यायचा नाही, अशी रीत आहे. मी लहानपणापासून आप्पांच्या पायाशी उभी राहून ही सलामी बघितली आहे. झोपेत विचारलं तरी सांगितली असती. पण शेडमध्ये देव नसतो. तालमीत कुणी सलामी दिली नाही, आणि डबा बनवताना मला देव आठवला नाही.

मी ओरडले, "दादा!" स्पीकरपुढं माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

आप्पांनी टिपरू कमरेला खोचलं. ते खोचायलाही त्यांना वेळ लागला. मग त्यांनी हात जोडले. आणि त्यांचा ढोल वाजतच राहिला.

दादानं माझ्याकडं बघितलं. त्यानं थांबावं, तर देवाच्या दारात ढोल बंद पडतो. वाजवावं, तर हे असं. तो वाजवत राहिला. माझा हात डब्याच्या मागच्या वायरीवर होता. ती उपटली असती तर दोन्ही आवाज गेले असते. आप्पांचा एकट्याचा बंद करायला मी बटण ठेवलंच नव्हतं. ते कशाला लागेल असं मला वाटलं होतं. मी वायर धरून नुसती उभी राहिले.

आप्पांनी ढोलावर टेकवलेलं डोकं वर केलं नाही. त्यांचा कान कातड्याला लागला होता, आणि कातडं गप्प होतं. त्यांचा ढोल वरून, टेम्पोवरून वाजत होता. माळावर मी रेकॉर्ड केलेला, त्यांच्या चांगल्या दिवसांतला, ठणठणीत.

गर्दीत पुढं उभ्या असलेल्या शालूबाईनं ते बघितलं. म्हातारी आहे, वायरी-बियरी तिच्या खिजगणतीत नाहीत. ती दोन्ही हात वर करून किंचाळली, "आगं बया, हात जोडल्यात आन् ढोल वाजतुया! बिरोबा वाजवतुया आप्पाचा ढोल!"

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" गर्दी गर्जली. भंडाऱ्याचा लोट उठला.

त्या लोटातून आप्पांनी मान वर केली. देवाकडं नाही बघितलं. माझ्याकडं बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मी तो घेतला असता. मला रागाची सवय आहे, माझा स्वतःचाच पुष्कळ आहे. राग नव्हता. बाजारात हात सुटलेल्या पोराकडं लोक बघतात तसं ते माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी टिपरू काढलं, हात ढोलावर ठेवले आणि परत वाजवायला लागले. वाजवल्यासारखं करायला लागले. शेवटच्या वळणापर्यंत त्यांनी एकदाही हात थांबवला नाही, आणि रिंगणातल्या कुणालाही काही कळलं नाही.

नाच संपल्यावर माणसं त्यांच्या पाया पडली. रीतीप्रमाणं पहिल्या ढोलाच्या हातांना भंडारा लावतात. लालासाहेबानं ते थरथरते हात आपल्या हातांत धरून भंडारा चोळला आणि म्हणाला, "आप्पा, मी गाढव. आजून तुमीच पयलं."

"व्हय," आप्पा म्हणाले.

घरी येताना आईला वाटलं, आप्पा दमले आहेत. त्यांनी गोळी घेतली, भाकरी कुस्करून खाल्ली आणि कूस वळवून झोपले. धनाजीदादा दारापर्यंत येऊन आत न येताच परत गेला. मी मनात वाक्यं जुळवत राहिले. आप्पा, माझं चुकलं. आप्पा, आईनं सांगितलं. आप्पा, दुसरं काय करायचं होतं मी? शेवटचं तेवढं खरं होतं, आणि ते विचारायची माझी हिंमत नव्हती.

सकाळी उठले तर आप्पा ओसरीवर. ढोल मांडीवर घेतलेला, त्याची वायर डब्याला त्यांनी स्वतःच लावलेली. डबा चालू करायचं बटण त्यांना मीच कधीतरी दाखवलं होतं. यंत्र, स्पीकर सगळं टेम्पोतच होतं, त्यामुळं आवाज काहीच येत नव्हता. ते एका बोटानं कातड्यावर टिचकी मारत होते. टिचकी मारली की हिरवा दिवा लागायचा. ते थांबायचे, बघायचे, परत मारायचे.

मी खांबाला धरून उभी राहिले. त्यांनी वर न बघता विचारलं, "माझी वायर कुटवर जाती, पले?"

खोटं सांगायला माझ्यापाशी आता काही शिल्लक नव्हतं. "दिव्यापत्तुर," मी म्हणाले.

"फुडं?"

"फुडं न्हाई."

त्यांनी मान हलवली. जणू कुणीतरी एसटी चुकल्याचं सांगितलं होतं. मग बोटानं दिव्याकडं दाखवून म्हणाले, "पर ह्यो माझ्यानंच लागतुया न्हवं? ह्यात धनाजी न्हाई?"

"न्हाई आप्पा. ह्यो निस्ता तुमचा."

"मग ह्यो काढू नगंस," ते म्हणाले. "बाकीचं तुला कसं करायचं तसं कर. ह्यो तेवढा ऱ्हाऊ दी."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? आतून आईनं चहाला हाक मारली. आप्पांनी टिचकी मारायची थांबवली आणि हात नुसता ढोलावर ठेवून दिला. तरी दिवा विझला नाही. हात कातड्यावर थरथरत होता आणि हिरवा दिवा त्याच्याबरोबर लुकलुकत राहिला, आणि आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो.